रक्तवाढीची गोळी घेताय, पण कशी घेताय?

रानजाई

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे दोन डबे उतरवले आणि स्टुलावरून उतरून तशीच फरशीवर बसले. छाती धडधडत होती, कानात घूं घूं आवाज येत होता. वय 39. पाळीत सात-आठ दिवस जातं, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. हे इतकी वर्षं चाललंय की याला आजार म्हणतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आईलाही असंच जायचं, म्हणून सगळ्यांनाच जात असणार असं धरून चालले होते.

तपासणीत हिमोग्लोबिन 7.9 निघालं. बाईचं 12 तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिने मी एकही दिवस चुकवला नाही आणि हिमोग्लोबिन झालं 8.4. मग डोस दुप्पट केला. मळमळ आणि बद्धकोष्ठाने जीव नकोसा झाला, आणि आणखी तीन महिन्यांनी आकडा 8.6. घरात सगळे म्हणायला लागले, हिला गोळ्या लागूच पडत नाहीत.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून सांगा. कधी काय खाता, काय पिता, कुठली गोळी कधी घेता?" मी सांगितलं. उठल्यावर ॲसिडिटीची गोळी. आठला पोहे किंवा उपमा, कपभर चहा आणि त्या चहाच्या घोटाबरोबरच लोहाची आणि कॅल्शियमची गोळी. विसरायला नको म्हणून दोन्ही पाकिटं चहा-साखरेच्या डब्यांशेजारीच ठेवलेली.

त्या म्हणाल्या, "सहा महिने गोळी पोटात गेली, पण रक्तात फार थोडी पोचली."

चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे लोह बांधलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातून मिळणारं लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. कॅल्शियम लोहाच्या आड येतं, आणि लोह विरघळायला पोटात आम्ल लागतं, ते तर मी सकाळीच गोळी घेऊन कमी करत होते. म्हणजे तीन बाजूंनी दार लावून मी पाहुण्याची वाट बघत बसले होते.

वेळा बदलल्या. आता सकाळी अकराला ऑफिसात, नाश्त्यानंतर तीन तासांनी, एक गोळी आणि लिंबूपाणी. चहा दुपारी चारला. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. ॲसिडिटीची गोळी खरंच हवी का ते त्यांनी तपासलं आणि हळूहळू बंद केली. डोस पुन्हा एकावर आणला. पाच आठवड्यांत 8.6 वरून 10.3.

तुमच्या अनुभवातलं, तुमच्या कामातलं लिहा. मात्र धाग्यावर वाचून कुणी आपला डोस परस्पर बदलू नये, एवढी विनंती.

———

औषधवाला

22 वर्षं दुकानात उभा आहे. ताईंनी लिहिलेला प्रकार रोज समोर येतो. "रक्तवाढीचं काहीतरी द्या" असं म्हणत माणूस येतो, रिपोर्ट नसतो, चिठ्ठी नसते.

पाकिटावर काय वाचायचं ते सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. समजा फेरस सल्फेट 200 मिग्रॅ लिहिलंय. हे वजन अख्ख्या क्षाराचं असतं. त्यातलं प्रत्यक्ष लोह साधारण 65 मिग्रॅ. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या सुमारे एक तृतीयांश लोह असतं, फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम बारा टक्के. आपल्याकडे खूप चालतात त्या फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर 'एलिमेंटल आयर्न' 100 मिग्रॅ असा आकडा वेगळा छापलेला असतो. तो 'एलिमेंटल' शब्दापुढचा आकडाच बघायचा. ब्रँड बदलताना गिऱ्हाईक विचारतं, "ही 200 ची आणि ती 100 ची, मग ही जास्त पॉवरची ना?" प्रत्यक्षात उलटंही असू शकतं.

दुसरं, दोन ठिकाणचं लोह एकत्र होतं. लोहाची गोळी चालू, वर मल्टिव्हिटॅमिन, वर मुलीने परदेशातून आणलेलं टॉनिक. तिन्हींत लोह. सगळी पाकिटं घेऊन या, मी काउंटरवर मांडून बेरीज करून दाखवतो.

थायरॉइडची गोळी आणि लोह यांच्यात चार तास अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) का वाढला ते कळत नाही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक्स आणि पार्किन्सनची लेव्होडोपा यांचंही तसंच. कितीचं अंतर ते तुमच्या डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा, आम्ही त्यासाठीच आहोत. पातळ औषध असेल तर स्ट्रॉने घ्या आणि चूळ भरा, दात काळे पडतात.

———

तिखटमीठ

गोळ्यांच्या मागे का लागायचं? बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी. आमच्या आजीने यावरच आठ बाळंतपणं काढली.

———

रानजाई

@तिखटमीठ, मीही आधी तेच केलं. दोन महिने रोज बिटाचा रस प्यायले. बिटाचा रंग रक्तासारखा असला तरी 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, 5 होतं. जागतिक आरोग्य संघटना 15 च्या खाली गेलं की साठा संपला म्हणते, बरेच डॉक्टर 30 च्या खालीच सावध होतात. एवढा खड्डा ताटातून भरायला वर्षं लागली असती आणि दर महिन्याला पाळी तो पुन्हा उकरत होती.

खाणं हवंच. अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीवर लिंबू, चालत असेल त्यांना मटण-कलेजी. मांसातलं लोह धान्या-भाज्यांतल्या लोहापेक्षा खूप सहज शोषलं जातं. पण हे खड्डा भरल्यावर तो पुन्हा पडू नये म्हणून. आणि आजींची आठ बाळंतपणं झाली खरी, पण त्यांना धाप लागत होती का, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

———

तिखटमीठ

हे शेवटचं वाक्य वाचून आईला फोन केला. आजीला विहिरीवरून येताना दोनदा बसावं लागायचं म्हणे. माझं म्हणणं मागे घेतो.

———

सातपुडा

मी नंदुरबारकडे उपकेंद्रावर नर्स आहे. लाल गोळी हा माझ्या रोजच्या कामाचा निम्मा भाग आहे.

सरकारी लाल गोळीत 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर उपचार म्हणून दोन. शाळेतल्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी, त्याहून लहानांना गुलाबी.

गोळ्या वाटणं सोपं आहे, त्या पोटात जाणं अवघड. वाटल्याच्या नोंदी वहीत पूर्ण असतात. घरी गेले की मी गोळ्या मागते, आणि पाकिटं पिठाच्या डब्यामागे न उघडलेली सापडतात. मी आता रागावत नाही. खाली बसते आणि विचारते, का गं? एक म्हणाली, बाळ काळं होतं. एक म्हणाली, बाळ पोटात मोठं होतं, मग सिझर करतात. तिसरीला शौचाला काळं झालं, ती घाबरली आणि तिने कुणाला सांगितलंच नाही. त्या दिवसापासून पहिली गोळी हातात देतानाच सांगते की शौचाला काळं होणार, ते न शोषलेलं लोह आहे, घाबरायचं नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घे, अगदीच सोसत नसेल तर चार घास खाऊन घे. थोडं कमी शोषलं जाईल, पण बंद करण्यापेक्षा बरं. हे आधी सांगितलं की बाई गोळी सोडत नाही.

आम्ही त्याच बाईला कॅल्शियमही देतो, दिवसाला दोन. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत जातात आणि एकाच वेळी गिळली जातात. मी पेनाने कॅल्शियमच्या पाकिटावर ताटाचं चित्र काढते आणि लोहाच्या पाकिटावर चंद्राचं. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळतं.

आता आमच्या भागातली महत्त्वाची गोष्ट. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नंदुरबार, गडचिरोली, विदर्भाचा मोठा पट्टा. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतं ते पेशी फुटतात म्हणून. लोह आधीच पुरेसं असतं, वारंवार रक्त चढवलेलं असेल तर जास्तच असतं. अशा माणसाला 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षं लोह देत राहिलं तर ते यकृतात, हृदयात साठत जातं. म्हणून अशा रुग्णाला फेरिटिन बघितल्याशिवाय लोह नाही. आमच्याकडे आधी सिकलसेलची तपासणी, मग पुढचं.

———

एकविहीर

@सातपुडा, तुमच्या मुद्द्याला जोडून. मी थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक आहे, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. हे मला 31 व्या वर्षी लग्नाआधीच्या तपासणीत कळलं. त्याआधी कॉलेजपासून चार वेळा लोहाचे कोर्स झाले, कारण हिमोग्लोबिन कायम 11 च्या आसपास आणि पेशी लहान. कुणी फेरिटिन केलंच नाही. केलं तेव्हा भरपूर निघालं.

साध्या सीबीसीतही, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतही, खूण होती. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, 64 आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र 58 लाख. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि संख्याही बहुधा घटते. माझ्यात पेशी लहान, पण संख्या जास्त. असं दिसलं तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या एचपीएलसी तपासणीबद्दल जरूर विचारा. वाहकाला लोहाची कमतरताही असू शकते, त्यामुळे उलट टोकाला जाऊन 'मला कधीच लोह नको' असंही धरू नका. माझ्या बायकोची तपासणी झाली, ती वाहक नाही. दोघंही वाहक असतो तर दर गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के.

———

पाऊसवेळ

दोन दिवस विचार करत होतो लिहावं का.

बाबा 61 वर्षांचे. थकवा यायचा, हिमोग्लोबिन 9.1. आम्हाला वाटलं वय झालं, जेवण कमी झालं. औषधाच्या दुकानातून मीच गोळ्या आणल्या, तपासणी न करता. पाच महिन्यांत 11.2 झालं. घरात पेढे वाटले. गोळ्या बंद केल्या आणि चार महिन्यांत 8.3. तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुरुषाची पाळी येत नाही, मग रक्त जातं कुठे? दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती, कॅन्सर. त्या बाजूच्या गाठीतून रक्त थोडं थोडं झिरपतं, डोळ्यांना दिसत नाही. पहिली खूण बऱ्याचदा हिमोग्लोबिनच देतं.

गोळ्या चुकीच्या नव्हत्या. त्या काम करत होत्या आणि त्यामुळेच नऊ महिने गाठ झाकली गेली. ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर गोळीच्या आधी कारण शोधा. अल्सर असेल, मूळव्याध असेल, रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या असतील, जंत असतील. काहीही असो, शोधा.

आणखी एक. बाबांची शौच काळी व्हायची तेव्हा आम्ही म्हणायचो, गोळ्यांमुळे. डॉक्टरांनी फरक सांगितला. गोळीने काळपट-हिरवट होते, घट्ट असते. डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि घाण वास असलेली असेल तर ते पोटातलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि आतड्याच्या दुर्बिणीआधी आठवडाभर लोह बंद ठेवायला सांगतात, नाहीतर आत नीट दिसत नाही.

———

रानजाई

@पाऊसवेळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. बाबांना बरं वाटो. तुम्ही गोळ्या आणल्यात त्या त्यांना बरं वाटावं म्हणूनच.

———

टेम्सकाठी

इंग्लंडहून. इथे मला फेरस फ्युमरेट 210 मिग्रॅ, दिवसाला एक, एवढंच दिलं. पूर्वी इथेही तीन तीन द्यायचे. आता एकच, आणि सोसत नसेल तर एक दिवसाआड.

कारण वाचलं तेव्हा मला फार आवडलं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्याचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धवट लावून ठेवतं. झुरिकच्या संशोधकांनी 2017 मध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर मोजून दाखवलं. रोज घेतलं तर गोळीतलं सुमारे 16 टक्के शोषलं गेलं, दिवसाआड घेतलं तर सुमारे 22 टक्के. म्हणून दुप्पट डोसने रानजाई यांची मळमळ वाढली आणि हिमोग्लोबिन हललं नाही, यात नवल नाही.

———

सातपुडा

@टेम्सकाठी, बरोबर. फक्त गरोदर बायांनी हे वाचून दिवसाआड सुरू करू नये. त्यांच्या हातात वेळ मोजका असतो आणि आपला कार्यक्रम रोजच्या गोळीचा आहे. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन 7 असलेली बाई आली तर आम्ही गोळीवर थांबतच नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवतो. तिथे शिरेतून लोह देतात, किंवा रक्त.

———

कवडसा

मला शिरेतून दिलं होतं, आयर्न सुक्रोजची पाच सलाइन, दिवसाआड. घरी किंवा आडबाजूच्या दवाखान्यात कुणी लावून घेऊ नका. क्वचित जोराची ॲलर्जी येते, तिथे ऑक्सिजन आणि इंजेक्शनं तयार हवीत. तिसऱ्या वेळी सुई सरकली आणि हात चुरचुरला. मी लगेच सांगितलं नाही. कोपराजवळ तपकिरी डाग पडलाय, दीड वर्ष झालं, गेला नाही. चुरचुरलं की त्याच क्षणी सांगा.

आणि गोळीत फॉलिक ॲसिड का घालतात?

———

औषधवाला

@कवडसा, रक्तपेशी बनायला तेही लागतं, आणि त्याची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. 1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांना भयंकर पंडुरोग होत होता आणि त्याचं कारण कळत नव्हतं. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळलं की यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने या बाया बऱ्या होतात. त्यातल्या घटकाला विल्स फॅक्टर म्हणायचे, पुढे तेच फॉलेट, म्हणजे आपलं फॉलिक ॲसिड, निघालं. लाल गोळी देताना मला त्या गिरणीतल्या बाया आठवतात.

पेशी लहान नसून मोठ्या असतील तर बी-12 तपासा. शाकाहारी घरांत ते फार कमी असतं, आणि त्यावर लोहाचा उपयोग नाही.

———

चिमणपाखरू

लहान मूल घरात असलेल्यांनी हे वाचा. माझा मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा, साडेदहा किलो. बाळंतपणानंतरच्या माझ्या गोळ्या उशाशी. तांबड्या, गोल, चकचकीत. मी आंघोळ करून आले तर हा जमिनीवर बसलेला, ओठ लाल, आणि पाकिटात सहा खळगे रिकामे. चादरीखाली दोन सापडल्या, म्हणजे चार पोटात. एकीत 100 मिग्रॅ लोह, एकूण 400 मिग्रॅ.

सासूबाई म्हणाल्या, मीठपाणी पाजून उलटी काढू. शेजारच्या काकू म्हणाल्या, रक्तवाढीचीच तर आहे, काही होत नाही. मी पाकीट मुठीत धरून तशीच रिक्षाने दवाखान्यात गेले. तिथे कळलं ते असं. किलोमागे 20 मिग्रॅच्या पुढे त्रास सुरू होतो, 60 च्या पुढे जीवावर बेतू शकतं. म्हणजे त्याच्या वजनाला अशा सहा-सात गोळ्या. उलटी घरी काढायची नाही. कोळशाची पूड इतर विषांवर देतात, तिला लोह चिकटत नाही. एक्स-रे काढला, पोटात दोन गोळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या.

त्याला उलट्या झाल्या, मग संध्याकाळी तो खेळायला लागला. मी घरी न्यायची घाई केली. डॉक्टर म्हणाले, हीच फसवी वेळ असते. सहा तासांनंतर मूल बरं दिसतं, आई-बाप घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी ते कोसळतं. रात्रभर ठेवलं, दर काही तासांनी रक्त तपासलं. तो सुटला. रिकामे खळगे मोजून पाकीट बरोबर नेलं, याचा उपयोग झाला असं त्यांनी दोनदा सांगितलं.

गोळी मुलांसमोर खाऊ नका आणि तिला 'चॉकलेट' म्हणू नका. मी म्हणायचे.

———

रानजाई

चिमणपाखरू, वाचता वाचता उठले आणि चहाच्या डब्यांशेजारचं उरलंसुरलं सगळं कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात ठेवलं. भाची येते सुट्टीत.

माझं पुढचं सांगते. सोनोग्राफीत गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ निघाली, साधी आहे. जास्त जाण्यावर उपचार सुरू झालेत. परवाचं हिमोग्लोबिन 12.1. मला वाटलं सुटले, पण डॉक्टर म्हणाल्या, अजून तीन महिने गोळी चालू, कारण साठा अजून रिकामा आहे. मग पुन्हा फेरिटिन.

आणि एक विचारायचंय. मुलगी 14 वर्षांची आहे. काल तिच्या कंपासपेटीत पाटीवरच्या पेन्सिलींचे चावलेले तुकडे सापडले. विचारलं तर म्हणते, वास आला की राहवत नाही. शाळेतली निळी गोळी ती बेसिनमध्ये टाकत होती. मी खूप ओरडले तिला.

———

सातपुडा

ताई, ओरडू नका. पेन्सिल, चुलीची माती, कच्चे तांदूळ, बर्फ, हे खावंसं वाटणं हीच बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असते. साठा भरायला लागला की ओढ आपोआप जाते. आमच्याकडे भिंतीचा पोपडा खाणाऱ्या मुलींनी महिन्या-दीड महिन्यात सोडलेलं पाहिलंय. सीबीसी आणि फेरिटिन करून घ्या, पाळीत किती जातं ते विचारा, जंताची गोळी कधी घेतली ते बघा. तुमच्या गोळ्यांतली तिला देऊ नका, तिचा डोस तिचे डॉक्टर ठरवतील.

———

रानजाई

उद्या सकाळी नेते. आत्ताच तिच्याजवळ जाऊन बसले होते. तिनेच उरलेल्या पेन्सिली आणून दिल्या, सतरा होत्या. रिपोर्ट आला की इथे लिहिते.